वीणेचा पहारा

पूर्वी कापसाच्या गाठी, १९६४ नंतर संकरित बियाणे आणि अलीकडे लोखंडी सळया, अशा तीन जिनसांनी ज्या गावाचे नाव दूरवर पोहोचले, त्या जालन्याच्या इतिहासात चाकरीधंदा सांभाळून तिशी-चाळिशीत गाणे शिकू पाहणाऱ्या माणसाचा माग काढावा, हा विचार माझ्या मनात प्रथम आला तो तेथील औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याने संध्याकाळी जात असता, एका लहानशा देवळातून पखवाजाचा आवाज ऐकू आला तेव्हा. त्या वाजवण्यात सफाई नव्हती. तोच बोल पुन्हापुन्हा, अडखळत, मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून असा वाजत होता. कोणीतरी शिकत होते, आणि शिकणारा पोर नसून चांगला थोराड माणूस आहे, हे थापेच्या वजनावरून बाहेर उभ्या असलेल्यालाही कळत होते.

लहानपणी गाणे शिकण्याचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला आहे. घराणी, गुरुगृहे, तालमी, गंडाबंधन यांच्या कथा मराठी वाचकाला पाठ आहेत. परंतु दिवसभर हिशेबाची वही, माग किंवा भट्टी सांभाळून जो माणूस रात्री टाळ हाती घेतो, त्याची दखल कोणत्याही दप्तरात सापडत नाही. अशा माणसाला गळ्याची उणीव क्वचितच असते, हौसेची तर नसतेच. त्याची खरी अडचण वेळेची असते. म्हणून प्रौढांच्या संगीतशिक्षणाचा इतिहास लिहायचा, तर तो वेळ कोणी, कोठून आणि कोणत्या युक्तीने काढला याचाच इतिहास लिहावा लागतो, असे माझे मत झाले आहे.

ही युक्ती या मुलखात फार जुनी आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये ज्या जांब गावी झाला, ते आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. दासबोधाच्या चौथ्या दशकात समर्थांनी कीर्तनभक्तीला स्वतंत्र समास दिला, आणि देवापुढील गायन-वादन हे कोणा एका वर्गाचे वतन नसून साधकमात्राचे काम आहे, हा विचार त्यांच्या मठांतून सर्वत्र पसरला. जुन्या जालन्यात आनंदी स्वामींचे मंदिर आहे व तेथे आषाढी एकादशीला यात्रा भरते. अंबडला दत्तजयंतीच्या निमित्ताने गवई-वादकांची हजेरी लागत आली आहे. आणि गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात. या सप्ताहातील एका रिवाजाकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. सात दिवस, अहोरात्र, वीणा खाली ठेवायची नसते. ती एकाच्या गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, आणि नामस्मरण करीत ठराविक तास उभे राहायचे, याला ‘वीणेचा पहारा’ म्हणतात. पहाऱ्याची यादी आधी ठरते: अमक्याने मध्यरात्री, तमक्याने पहाटे, शेतावर जाणाऱ्याने सूर्योदयापूर्वी, दुकान असणाऱ्याने दुपारी. पहाटे काकडा, मग पारायण, गाथ्यावरील भजन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर, असा चोवीस तासांचा पट माणसांत वाटून घेतला जातो. कारखान्याच्या भोंग्याने ‘पाळी’ हा शब्द या भागातील माणसाला शिकवला, त्याच्या कितीतरी आधीपासून तो पाळीने गात होता.

भजनी मंडळ ही या मुलखातील प्रौढांची खरी संगीतशाळा. तिची शिक्षणपद्धती जवळून पाहिल्यावाचून तिचे शहाणपण ध्यानात येत नाही. नवा माणूस आला, की त्याला पेटीजवळ कोणी बसवीत नाही. त्याच्या हातात टाळ देतात आणि मागच्या ओळीत, जाणत्या टाळकऱ्याच्या शेजारी उभा करतात. टाळाची दोरी बोटांभोवती किती गुंडाळायची, दोन वाट्या एकमेकींवर सपाट न आपटता कडेला कशा भिडवायच्या, आवाज केव्हा मोकळा सोडायचा आणि केव्हा तळव्यात दाबायचा, हे तो शेजाऱ्याच्या हाताकडे पाहून उचलतो. पहिले काही महिने तो गातही नाही, नुसते धृपद धरतो. बुवांनी चरण म्हणावा आणि सर्वांनी मिळून धृपदावर यावे, या येण्यात त्याचा चुकलेला सूर वीस गळ्यांखाली झाकला जातो, आणि चूक झाकली गेल्यामुळेच तो पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. मोठ्या वयाच्या शिकाऊ माणसाला सर्वांदेखत चुकण्याची जी लाज असते, तिच्यावर इतका मायाळू उपाय मला अन्यत्र दिसला नाही.

पुढे त्याचा कान तयार होतो. पखवाजाच्या धुमेवर कणीक कमी पडली की आवाज कसा पोकळ होतो, पेटी पांढरी पाचच्या पट्टीत लावली की आपला गळा कोठे फाटतो, आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात सम कोठे येते, हे त्याला कोणी परिभाषेत सांगितलेले नसते. परंतु रूपाच्या अभंगाने सुरुवात करून नामपर अभंग, गौळण आणि शेवटी भैरवी असा क्रम शंभर वेळा पार पाडल्यावर ते त्याच्या अंगात मुरते. चार-पाच वर्षांनी त्यातलाच एखादा पखवाजावर बसतो, एखादा चाली बांधू लागतो, आणि पुष्कळसे जन्मभर टाळकरीच राहतात. मंडळाला त्यात काही न्यून वाटत नाही.

निजामी अमलात या शाळेला आणखी एक काम आपोआप करावे लागले. हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फारशीच्या जागी उर्दू ही दरबारी भाषा झाली. कचेरी, न्यायालय आणि वरचे शिक्षण यांचा व्यवहार तिच्यातून चाले. मराठी ही घराची, बाजाराची आणि देवळाची भाषा उरली. अशा स्थितीत गाथा हाती घेऊन ओळीवर बोट ठेवीत अभंग म्हणणाऱ्या प्रौढाला सुराबरोबर अक्षरही मिळत गेले असले पाहिजे, असे अनुमान मी करतो. १९२९ च्या त्रेपन्न क्रमांकाच्या गश्तीने, म्हणजे परिपत्रकाने, सार्वजनिक सभांना सरकारी परवानगीचे बंधन घातले. ज्या मुलखात चार माणसांनी एकत्र जमून बोलणे हा परवान्याचा विषय झाला, तेथे चार माणसांनी एकत्र जमून गाणे या गोष्टीला केवढे मोल आले असेल, याची कल्पना संस्थान मुक्त झाल्यावर, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ नंतर जन्मलेल्यांना सहज येणार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-हैदराबाद रेल्वे जालन्यावरून धावू लागली, सरकीचे जिन आणि गाठी बांधण्याचे प्रेस उभे राहिले, आणि शेतकऱ्याबरोबर रोजंदारीचा कामगारही संध्याकाळच्या भजनाला येऊन बसू लागला.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मी कर्तव्य समजतो. देवळातील भजनाची ओळ सर्वांसाठी खुली नव्हती. ज्यांना पायरीबाहेर थांबावे लागले, त्यांनी आपले स्वतंत्र ताफे उभारले. आंबेडकरी जलसे आणि पुढे भीमगीतांच्या गायन पार्ट्या ही प्रौढांची तितकीच मोठी संगीतशाळा होय. नाशिक जिल्ह्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक मुंबईत मजुरी करीत असता मोठ्या वयात अक्षरओळख शिकले आणि पुढे सहस्रावधी गीतांचे कर्ते झाले, हे उदाहरण मराठवाड्यातील वस्त्यावस्त्यांत आजही सांगितले जाते. हार्मोनिअम, ढोलकी आणि कोरस यांची ती पद्धत भजनी मंडळाहून फार वेगळी नाही. तेथेही नवा माणूस प्रथम कोरसमध्ये उभा राहतो.

निजामी अमलाच्या याच काळात मुंबई-पुण्याकडे दुसऱ्याच प्रकारचे प्रयत्न चालले होते. १८७० मध्ये कैखुश्रू काबराजींनी मुंबईत गायन उत्तेजक मंडळी स्थापिली. तिचे सभासद बहुधा पारशी गृहस्थ, आपापला व्यवसाय सांभाळून संध्याकाळी गाणे शिकणारे. विष्णु नारायण भातखंडे हे स्वतः वकील. या मंडळीत १८८४ च्या सुमारास ते आले, तेथेच शिकले आणि शिकवू लागले. ज्या विद्वानाने हिंदुस्थानी संगीताची थाटपद्धती आणि क्रमिक पुस्तकमालिका सिद्ध केली, त्याच्यापुढे बसणारे विद्यार्थी चाकरीवाले प्रौढ होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ज्याला दररोज गुरूसमोर बसता येत नाही त्याला स्वरलिपी लागते, छापील पाठ लागतो, घरी नेता येईल असे पुस्तक लागते. आणि ती गरज भातखंड्यांनी पुरविली. पुण्यात १८७४ ला गायन समाज, १९११ ला भास्करबुवा बखल्यांचा भारत गायन समाज. आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरास विष्णु दिगंबर पलुस्करांचे गांधर्व महाविद्यालय, जे कोणा एका संस्थानिकाच्या आश्रयावर न चालता लोकवर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर चालले. १९३१ मध्ये पलुस्कर निवर्तले आणि त्याच साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी या मंडळाची परीक्षांची शिडी आज गावोगाव पोहोचली असून तिच्या खालच्या पायरीवर नातवाच्या शेजारी आजी परीक्षेला बसलेली दिसते.

या वर्गपद्धतीचे उपकार मी मानतो. तथापि मोठ्या वयाच्या माणसाला तिने एकटे पाडले, असेही मला वाटते. वर्गात माणूस आपल्या पाठाचा स्वतः जबाबदार असतो, परीक्षकापुढे एकटा बसतो आणि गुणपत्रिका एकट्याने घरी नेतो. मंडळात पाठ सर्वांचा असतो. एखाद्या गुरुवारी त्याला यायला जमले नाही, तर त्या आठवड्याचा अभ्यास बुडाला असे होत नाही. अभंग चालू राहतो आणि पुढच्या वेळी तो त्यातच येऊन मिळतो. पाळीने काम करणाऱ्या माणसाला ही दुसरी व्यवस्थाच मानवते.

कामगाराच्या गाण्याला सरकारदरबारी जागा मिळाली ती १९३९ मध्ये, मुंबई इलाख्याने कामगार कल्याण केंद्रे काढली तेव्हा. गिरणगावातील चाळींत भजनी मंडळे आधीपासून होतीच. केंद्रांनी त्यांना खोली, दिवा आणि वाद्ये दिली. १९५३ च्या कायद्याने कल्याण निधी आणि मंडळ यांची स्थापना झाली. या निधीत कामगार, मालक आणि शासन तिघांचा वाटा असतो, आणि कामगाराचा वाटा जून व डिसेंबरच्या पगारातून कापला जातो. त्या कपातीतून राज्यभर नाट्यमहोत्सव, पुरुषांच्या आणि महिलांच्या भजन स्पर्धा, समरगीत व स्फूर्तिगीतांच्या स्पर्धा होत आल्या आहेत. पगाराच्या चिठ्ठीवरची ती लहानशी वजावट कशाची, हे विचारणाऱ्या कामगाराला तिच्यात तुझ्या पखवाजाचाही वाटा आहे असे सांगता येते, ही गोष्ट मला हृद्य वाटते. स्पर्धेने मंडळांना शिस्त लावली, सारखे पोषाख दिले, वेळेचे भान दिले; पण स्पर्धेसाठी निवडक बारा-पंधरा माणसे पुढे आली आणि मागच्या ओळीतला नवा टाळकरी घरी राहिला, हे नुकसान लहान नाही. महिलांच्या स्पर्धेचा लाभ मात्र निर्विवाद. दुपारची कामे उरकल्यावर मंदिरात जमणाऱ्या बायकांच्या गाण्याला रंगमंच, ध्वनिक्षेपक आणि नाव मिळाले, आणि पेटी शिकायची तर कोणाकडून, हा प्रश्न त्यांनी उघडपणे विचारायला आरंभ केला.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी अस्तित्वात आले. जालना १ मे १९८१ ला औरंगाबादेपासून वेगळे होऊन जिल्हा झाले. औद्योगिक वसाहतीचे टप्पे वाढत गेले आणि भंगार वितळवून त्याच्या सळया ओढणारे कारखाने तेथे दाटीने उभे राहिले. रात्रीच्या विजेला दरात सवलत मिळत असे, त्यामुळे भट्टीचे काम रात्रीकडे सरकले, आणि ज्या रात्रीच्या तासावर भजनी मंडळाची सारी इमारत उभी होती, तोच तास भट्टीने मागून घेतला. शिवाय भट्टीवरचे आणि रोलिंगवरचे पुष्कळ हात बिहार-उत्तर प्रदेशातले. त्यांचे गाणे वेगळे: ढोलक, झाल, रामचरितमानसाचे गायन, फाल्गुनात फगुआ. मंडळातल्या माणसाला झाल म्हणजे आपल्या टाळाचाच मोठा भाऊ, हे समजायला अर्थात वेळ लागत नाही.

त्या संध्याकाळी मी देवळात जाऊन बसलो. पखवाज शिकणारा माणूस रोलिंग मिलमध्ये कामाला होता. त्याच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना वण होता आणि शिकवणारे आजोबा तो वण सांभाळून त्याचा हात धरून बोल बसवीत होते. आठच्या सुमारास बाकीचे आले, टाळ वाटले गेले, रूपाचा अभंग सुरू झाला. दहाला गौळण रंगात आली असता शिकाऊ पखवाजी उठला. त्याची तिसरी पाळी अकराला लागत होती. दारात नुकताच आलेला एक तरुण चपला काढीत होता, बोलीवरून बिहारकडचा. पखवाजावर आजोबा बसले, जाणाऱ्याने आपल्या जागेवर ठेवलेले टाळ उचलून त्या तरुणाच्या हातात दिले, दोरी बोटांभोवती कशी घ्यायची ते खुणेने दाखवले आणि सायकल बाहेर काढली. आत धृपद चालूच होते.