कॉर्पोरेट कम्युनिकेशन आणि जनसंपर्क: प्रेस नोटपासून नेतृत्वापर्यंत

कारखान्यात स्फोट झाला, उत्पादनात दोष निघाला किंवा मोठी कामगार कपात होणार असल्याची बातमी फुटली, की पहिल्या तासाभरात कंपनीच्या प्रमुखाच्या खोलीत मोजकी माणसे बोलावली जातात. वित्तप्रमुख, कायदेप्रमुख, उत्पादनप्रमुख आणि संवादप्रमुख. यातील चौथी व्यक्ती तिथपर्यंत कशी पोहोचते, तिचे काम नेमके काय असते आणि या क्षेत्रात नेतृत्वाची वाट कशी घडवायची, हे या लेखात पाहू.

जनसंपर्क आणि कॉर्पोरेट कम्युनिकेशन म्हणजे काय?

जाहिरातीत कंपनी पैसे देऊन जागा विकत घेते आणि तिथे हवे ते सांगते. जनसंपर्कात जागा विकत मिळत नाही. पत्रकार, ग्राहक, सरकार किंवा गावकरी यांनी कंपनीवर विश्वास ठेवावा, यासाठी सातत्याने माहिती देणे आणि त्यांचे ऐकणे म्हणजे जनसंपर्क. कॉर्पोरेट कम्युनिकेशन ही त्याहून व्यापक संज्ञा आहे. माध्यमसंबंध, कर्मचाऱ्यांशी संवाद, संकटकाळातील संवाद, समाजमाध्यमे आणि प्रमुखांची भाषणे अशी कामे तिच्यात येतात. गुंतवणूकदारांशी संवाद काही कंपन्यांत याच विभागाकडे असतो, तर काही ठिकाणी वित्त विभागाकडे.

पदांची शिडी

सुरुवात बहुधा दोनपैकी एका दाराने होते. पहिले दार पीआर एजन्सीचे. तिथे अकाउंट एक्झिक्युटिव्ह म्हणून प्रेस नोट लिहिणे, पत्रकारांना फोन करणे, रोज सकाळी क्लायंटविषयीच्या बातम्या गोळा करून पाठवणे ही कामे करावी लागतात. एकाच वेळी तीन-चार क्लायंट सांभाळावे लागत असल्याने शिकणे वेगाने होते. दुसरे दार थेट कंपनीतील संवाद विभागाचे. तिथे एकाच व्यवसायाची खोलवर ओळख होते. पत्रकारितेतून या क्षेत्रात येणारेही बरेच असतात, कारण बातमी कशी ठरते हे त्यांना आतून ठाऊक असते.

पुढे व्यवस्थापक, विभागप्रमुख, उपाध्यक्ष आणि शेवटी मुख्य संवाद अधिकारी असा क्रम असतो. मात्र मधल्या पायरीवर बरेच जण अडकतात. उत्तम प्रेस नोट लिहिणारा माणूस व्यवस्थापक होतो. त्यापुढे जाण्यासाठी लिखाण पुरत नाही, निर्णय घेण्यापूर्वी सल्ला देण्याची पात्रता लागते.

निर्णयानंतर नव्हे, निर्णयापूर्वी

या फरकाचे जुने उदाहरण अमेरिकेतील आर्थर पेज यांचे आहे. १९२७ साली एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत ते जनसंपर्काचे उपाध्यक्ष झाले. केवळ प्रसिद्धीचे काम नको, कंपनीच्या धोरणातही आपले मत घेतले जावे, अशी त्यांची भूमिका होती. लोकांचे मत कंपनीच्या बोलण्यापेक्षा तिच्या वागण्यावर ठरते, असे ते मानत.

याची मोठी परीक्षा १९८२ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीची झाली. शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामकाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळले आणि सात जणांचा मृत्यू झाला. विष कारखान्यात मिसळले गेल्याचे दिसत नव्हते. तरीही कंपनीने लोकांना सावध केले आणि देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेतल्या. काही आठवड्यांतच छेडछाड झाल्यास लगेच कळेल असे नवे वेष्टन घेऊन औषध बाजारात आले आणि गमावलेला बराचसा ग्राहकवर्ग परतला. लोकांच्या लक्षात राहिला तो माल परत घेण्याचा निर्णय. निवेदनांना वजन आले ते त्यामुळेच.

महाराष्ट्रातील उदाहरण २००३ चे आहे. दिवाळीच्या तोंडावर मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आल्या. दुकानांतील साठवणूक योग्य नसल्याने असे झाले, अशी कंपनीची सुरुवातीची बाजू होती. पण ग्राहकाला कारण कोणाचे यापेक्षा हातातले चॉकलेट सुरक्षित आहे का, हे हवे असते. विक्री घसरली. पुढे कंपनीने ‘प्रोजेक्ट विश्वास’ या नावाने दुकानदारांसाठी साठवणुकीविषयी मोहीम हाती घेतली आणि २००४ च्या सुरुवातीला अधिक घट्ट सीलबंद वेष्टन आणले. अमिताभ बच्चन यांची जाहिरात लोकांच्या मनावर ठसली. तरी त्या जाहिरातीला आधार होता तो बदललेल्या वेष्टनाचा.

दोन्ही प्रसंगांतून एकच धडा मिळतो. संवादप्रमुखाने “हे कसे सांगायचे?” या प्रश्नाच्या आधी “आपण काय करणार आहोत?” हा प्रश्न विचारायला हवा.

नेतृत्वासाठी काय शिकावे?

*व्यवसाय:* ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि कंपनीचा पैसा कोणत्या उत्पादनातून येतो, हे समजले पाहिजे. वित्तप्रमुखाची भाषा न कळणाऱ्याचा सल्ला बैठकीत फारसा टिकत नाही. वर्षातून काही दिवस कारखान्यात, विक्रेत्यांबरोबर किंवा ग्राहकसेवा केंद्रात घालवावेत.

*नियम:* शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीत चुकीच्या वेळी बोललेले एक वाक्यही महागात पडते. सेबीच्या नियमांनुसार महत्त्वाच्या घटना ठरलेल्या मुदतीत शेअर बाजाराला कळवाव्या लागतात. भावावर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती आधीच पत्रकाराला देणे हा नियमभंग ठरतो. बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्यांना १ जून २०२४ पासून आणि पहिल्या २५० कंपन्यांना १ डिसेंबर २०२४ पासून, माध्यमांतील अफवेमुळे शेअरच्या भावात लक्षणीय चढउतार झाल्यास २४ तासांत खुलासा करणे बंधनकारक आहे. त्यामुळे कंपनी सचिवाशी रोजचा संपर्क हवा.

*मोजमाप:* छापून आलेल्या बातमीची जागा मोजून “एवढ्या लाखांची जाहिरात वाचली” असे सांगण्याची सवय अजून आहे. २०१० मध्ये ठरलेल्या बार्सिलोना तत्त्वांनी ही पद्धत नाकारली. बातम्यांच्या संख्येऐवजी लोकांची माहिती, मत किंवा वागणूक किती बदलली, हे दाखवावे.

*भाषा:* चाकणच्या कारखान्याविषयीचा प्रश्न आधी गावात आणि मराठी वृत्तपत्रात उमटतो, मग मुख्यालयात पोहोचतो. इंग्रजी प्रेस नोटचे शब्दशः भाषांतर तिथे उपयोगी पडत नाही. मराठीत थेट विचार करून लिहिणारा आणि सरपंचापासून संपादकापर्यंत बोलू शकणारा माणूस इथे उजवा ठरतो.

शिक्षण कुठे घेता येते?

कोणत्याही शाखेची पदवी चालते. त्यानंतर दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था, पुण्यातील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग, सिम्बायोसिस, मुंबईतील झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स असे पर्याय आहेत. सरकारी सेवेत रस असणाऱ्यांसाठी महाराष्ट्राचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे. ‘लोकराज्य’ मासिक तेच प्रसिद्ध करते.

“नाही” म्हणण्याची जबाबदारी

पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली. २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीतील परिषदेत व्यवसायाची आचारसंहिता स्वीकारण्यात आली, म्हणून हा दिवस राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो. संहितेचा खरा कस लागतो तो बंद खोलीत, जेव्हा वरिष्ठ “एवढे लपवून टाक” असे सांगतात तेव्हा.

अशा वेळी नुसता नकार पुरत नाही. लपवल्यास काय घडेल, कधी उघड होईल, कोणाचे नुकसान होईल आणि त्याऐवजी आज काय सांगता येईल, हे दोन मिनिटांत मांडता आले पाहिजे. शक्य असेल तेव्हा तो सल्ला लेखी द्यावा. पत्रकाराला माहिती देता येत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे, पण खोटे सांगू नये. कंपन्या बदलतात, पदे बदलतात, पत्रकारांच्या मनातील तुमच्या शब्दाची किंमत मात्र पुढच्या नोकरीतही तुमच्याबरोबर येते.

म्हणून पहिल्या दिवसापासून दोन गोष्टी जपाव्यात. बाहेरच्यांनी आपल्या शब्दावर विश्वास ठेवावा आणि आतल्यांनी आपल्याला निर्णयापूर्वी विचारावे. यातील एक गोष्ट असून दुसरी नसेल, तर पद कितीही मोठे असले तरी काम प्रेस नोटपुरतेच राहते.