आक्रमक वनस्पती : प्रवेश रोखण्याची जबाबदारी

परदेशी वनस्पती देशात शिरून फोफावू नयेत, यासाठी कोणाला उत्तरदायी धरावे, याविषयी तीन मते आहेत. मोडनिंब (ता. माढा, जि. सोलापूर) भागात हा प्रश्न गाजर गवत, वेडी बाभूळ आणि उजनी जलाशयातील जलपर्णी यांच्यामुळे रोजचा झाला आहे.

गाजर गवत किंवा काँग्रेस गवत मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतले. पुण्यातील त्याची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली. ते पीएल-४८० या अमेरिकी अन्नसाहाय्य योजनेच्या गव्हातून आले, असे सर्रास सांगितले जाते. मात्र भारताचा तो करार ऑगस्ट १९५६ चा आहे आणि पुण्यात गवत त्याआधीच दिसले होते. अमेरिकी गहू त्यापूर्वी १९५१ च्या अमेरिकी अन्नकर्जातूनही आला होता. जहाज कोणतेही असो, धान्यासोबत तणाचे बी येत असेल तर ते बंदरातच अडवायला हवे, आणि ते काम सरकारचेच आहे, हे पहिले मत. एका झाडाला हजारो बिया धरतात. एकदा त्या मातीत मिसळल्या की शेतकऱ्याच्या हाती फक्त खुरपे उरते.

कायदा नव्हता असे नाही. विध्वंसक कीटक व पीडक अधिनियम १९१४ चा आहे. तणांची स्वतंत्र यादी २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशात आली. तरीही २००६ साली गव्हाची टंचाई भासताच आयातीतील तणबियांचे निकष सैल करण्यात आले. ही सवलत देणाऱ्यांवर नंतरच्या निर्मूलनाचा खर्च पडत नाही, हा या व्यवस्थेतील सर्वांत मोठा दोष होय.

दुसरे मत आणणाऱ्याला जबाबदार धरते. वेडी बाभूळ चोरून आली नाही; एकोणिसाव्या शतकात सरपण व हिरवळीसाठी सरकारनेच ती लावली. जलपर्णी शोभेची म्हणून आणली गेली. म्हणून रोपवाटिका, वनखाते आणि बागप्रेमी यांनी लागवडीपूर्वी धोका तपासावा, अशी मागणी अभ्यासक करतात. अशी तपासणी शक्य आहे: गाजर गवत खाणारा मेक्सिकन भुंगेरा १९८३ मध्ये आणल्यावर चाचण्या करूनच तो सोडला गेला. पुढे तो सूर्यफुलावर आढळला आणि वाद झाला. चाचणीनंतरही लक्ष ठेवणारी यंत्रणा लागते, हे त्यातून दिसले.

शेतकऱ्यानेच बांध स्वच्छ ठेवावा, हे तिसरे मत सरकारी मोहिमांत वारंवार येते. फुलोऱ्याआधी गवत उपटणे उपयोगी आहे, पण त्याने अंगाला खाज सुटते, दमा बळावतो. शिवाय महामार्गाची कड आणि रेल्वेची हद्द शेतकऱ्याची नसते. शेणखत, रोपांच्या पिशवीतली माती, मळणीयंत्र यांतून बी गावोगाव फिरते. २००३ चा आदेश आयातीपुरता असल्याने ही वाहतूक त्याच्या कक्षेत येत नाही.