बारशाचे जेवण

अंजनगाव सुर्जी हे नाव आपल्याला शाळेतील इतिहासामुळे ठाऊक असते. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यात तेथे तह झाला. परंतु याच तालुक्यातील शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांच्या घरातील एक बारसे मला त्या तहाहून अधिक विचारात पाडते. हे डेबूजी म्हणजेच पुढचे गाडगेबाबा.

घराणे परिटाचे. वडील दारूपायी अकाली गेले. आई सखुबाईने लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आपल्या भावाचा आश्रय घेतला. तेथे डेबूने गुरे राखली, नांगर धरला. १८९२ साली कुंताबाईंशी विवाह झाला आणि यथाकाळी पहिली कन्या जन्मली. बारशाला बोकड कापावा, भाऊबंदांना दारू पाजावी, अशी जातीची रीत. डेबूजींनी ती मोडली. पाहुण्यांच्या पानात गोडाधोडाचे जेवण वाढले.

रीत पाळ म्हणणारे लोक दुष्ट होते असे समजू नये. जातीने वाळीत टाकले तर लेकीच्या लग्नाला कोण येणार, तिरडीला खांदा कोण देणार, ही भीती त्या काळी खरीच होती. आपल्याकडेही बाप्तिस्म्याच्या मेजवानीत बाटली नसेल तर पाहुणे काय म्हणतील, ही धास्ती काही अगदीच अपरिचित नाही! परंतु सल्ला देणारे जेवून हात धुणार आणि कर्ज मात्र यजमानाच्या माथी राहणार. दारूने बाप नेला होता. सावकाराने मामाचे घर कसे पोखरले, तेही त्यांनी पाहिले होते. इतरांचे त्यांनी ऐकले, पण निर्णय स्वतःच्या अनुभवाने केला.

संत इग्नेशियस लोयोला यांच्या १५४८ साली छापल्या गेलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथातील पंधरावी सूचना येथे आठवते. साधना करवून घेणाऱ्याने साधकाला अमुकच जीवनमार्ग पत्कर असे सुचवू नये. तराजूच्या काट्याप्रमाणे मध्यभागी स्थिर राहावे आणि निर्माणकर्त्याला त्या जिवाशी थेट व्यवहार करू द्यावा, असा तिचा आशय आहे. मार्गदर्शकालाच असे मागे सरायला सांगणारा नियम चारशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहिला गेला, याचे मला नेहमी नवल वाटते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. वृद्ध आई, पत्नी, लेकरे मागे राहिली. त्यांच्या हातून पुढे घाट, धर्मशाळा, सदावर्ते उभी राहिली, म्हणून हा निर्णय आज आपल्याला सहज मान्य होतो. मला मात्र तो बारशाइतका सोपा वाटत नाही. बारशाच्या वेळी निर्णयाचा भार त्यांनी स्वतः उचलला. या वेळी तो कुंताबाईंनाही उचलावा लागला, आणि त्यांचे मत चरित्रांतून फारसे ऐकू येत नाही.

एवढे अनुयायी मिळूनही बाबांनी कोणाला शिष्य केले नाही, कोणाला पाया पडू दिले नाही. कीर्तनात ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत. देव कोठे आहे? कर्ज काढून सण का करता? उत्तर समोरच्या शेतकऱ्याच्याच तोंडून येईपर्यंत ते प्रश्न फिरवीत राहत. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्रे पोलीस ठाण्यात त्यांचे कीर्तन झाले, त्यातही हीच तऱ्हा. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २० डिसेंबर रोजी, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलानजीक त्यांनी देह ठेवला.