चित्ता आणि जुनीं दप्तरें

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह डोळ्यांसमोर उभे राहतात. आम्हीं मास्तरांनीं शाळेंत तोच शिकविला. परंतु ज्या भूमीवर त्या लढाया झाल्या, तिच्यावरील अरण्यांना, माळरानांना आणि पशुपक्ष्यांनाहि इतिहास असतो. आणि त्याचीं साधनें पुष्कळदां राजदरबारच्याच कागदांत सांपडतात. चित्त्याचें उदाहरण घेऊं.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्याकडे बरेच लोक बिबळ्यालाच चित्ता म्हणतात. चित्त्याचे ठिपके भरीव असतात, आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत दोन काळ्या रेघा उतरलेल्या असतात. बिबळ्या झाडींत दबा धरतो. चित्ता उघड्या माळावर धावून हरीण गांठतो. शिवाय तो माणसाळतो. म्हणूनच राजेलोकांनीं त्याला शिकारीसाठीं पाळलें. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत अशा शिकारीचा उल्लेख आहे.

अकबरानें एक हजार चित्ते जमविले होते, असें त्याचा पुत्र जहांगीर आत्मवृत्तांत सांगतो. त्याच ठिकाणीं त्यानें आणखी एक गोष्ट नोंदविली आहे. अकबरानें पुष्कळ खटपट केली, तरी पाळलेल्या चित्त्यांना पिलें होईनात. पुढें १६१३ सालीं एक नर गळपट्ट्यांतून निसटून मादीपाशीं गेला, आणि अडीच महिन्यांनीं तिला तीन पिलें झालीं. बंदिवासांतील चित्त्याच्या पिलांची यानंतरची खात्रीची नोंद थेट १९५६ सालची, अमेरिकेंतील फिलाडेल्फियाची आहे!

या नोंदीचा अर्थ काय? पाळलेला चित्ता वाढत नव्हता. म्हणजे दरबारचा जवळजवळ प्रत्येक चित्ता रानांतून धरून आणलेला होता. त्यांतहि आईपाशीं शिकार शिकलेलें मोठें जनावरच उपयोगी पडे. अर्थात् प्रत्येक पाळीव चित्त्यामागें रानांतील एक वंश खुंटला. दिव्यभानुसिंह यांनीं असेच कागद आणि चित्रें तपासून १९९५ सालीं भारतीय चित्त्याचा इतिहास ग्रंथरूपानें मांडला.

पुढें इंग्रजी अमलांत चित्ता मारणारास बक्षिसें मिळालीं, आणि माळरानें नांगराखालीं गेलीं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तर कोल्हापूर व भावनगर या संस्थानांत आफ्रिकेहून चित्ते मागवावे लागत. १९४७ सालीं कोरिया संस्थानच्या अधिपतींनीं तीन चित्ते मारले. ते आपल्या देशांतील शेवटचे चित्ते मानले जातात. १९५२ सालीं चित्ता भारतांतून नष्ट झाल्याचें जाहीर झालें. १७ सप्टेंबर २०२२ रोजीं नामिबियाहून आठ चित्ते मध्यप्रदेशांतील कुनोच्या रानांत आणण्यांत आले. पण त्यांना धावण्यास माळ हवा, आणि आपण मात्र माळरानाला पडीक जमीन म्हणतों.

एका बादशहाच्या चार ओळींनीं एवढा उलगडा केला. आपल्यापैकीं कित्येकांच्या माळ्यावर वाडवडिलांचीं दप्तरें असतील. त्यांतील शिकारीचा हिशेब, कुरणाचा तंटा, गवताचा भाव, असले कागद क्षुल्लक समजून रद्दींत घालूं नका. राजांची बखर कोणीतरी लिहिलीच आहे; मुक्या जनावरांची याच कागदांतून लिहावयाची आहे.