जबड्यासाठी पायाचे हाड

तोंडाच्या कर्करोगाची गाठ काढताना गालाचा, जिभेचा अथवा जबड्याचा काही भागही काढावा लागतो. ती पोकळी भरण्यासाठी रुग्णाच्याच शरीरातील त्वचा, स्नायू किंवा हाड रक्तवाहिन्यांसह घेतले जाते. डॉक्टर त्याला 'फ्लॅप' म्हणतात. तो कोठून घेतला, यावर रुग्णाचे पुढचे बोलणे व गिळणे बव्हंशी अवलंबून असते.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. पुण्यात कापलेले नाक कपाळाच्या त्वचेपासून पुन्हा घडविल्याचे वृत्त लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने १७९४ मध्ये सचित्र छापले होते. कपाळाची त्वचा नाकाला लागूनच असते आणि वर्णही जुळतो. त्यामुळे नाकासाठी आजही तिचाच विचार आधी होतो.

जबड्याचे हाड गेले असेल तर मात्र पायाकडे वळावे लागते. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूस असणारे फिब्युला हे बारीक हाड शरीराचा भार फारसा पेलत नाही. त्याचा सुमारे २५ सेंटीमीटरपर्यंतचा तुकडा मिळू शकतो. घोट्याजवळचे सहा-सात सेंटीमीटर मात्र राखावेच लागतात, अन्यथा घोटा डळमळतो. हे हाड जागोजागी छेदून त्याला जबड्याचा बाक देण्याची पद्धत अमेरिकी शल्यविशारद डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये मांडली. त्यात पुढे कृत्रिम दातही रोवता येतात. अडचण वेगळीच आहे. हाडासोबत पायाच्या तीन प्रमुख रोहिण्यांपैकी एक जाते. उरलेल्या दोन धूम्रपानाने वा मधुमेहाने आधीच अरुंद झाल्या असतील, तर जबडा सावरताना पाय धोक्यात यायचा. म्हणूनच पायाच्या रक्तवाहिन्यांची आधी सीटी अँजिओग्राफी केली जाते.

जिभेला पातळ, लवचीक त्वचा हवी. ती मनगटाजवळ मिळते. तेथे रोज कामाचा हात टाळतात. मनगटातील दोन्ही रोहिण्या दाबून एकच सोडली असता तळव्यावर लाली परततेे का, हे आधी पाहिले जाते. हातावरचा व्रण मात्र उघड्यावर राहतो. मांडीचा कपड्याखाली झाकला जातो, पण स्थूल व्यक्तीच्या मांडीची त्वचा जाड पडते.

प्रकृती तोळामासा असेल किंवा सूक्ष्मशस्त्रक्रियेची सोय नसेल, तर छातीचा स्नायू त्वचेसह वर वळवितात. ही शस्त्रक्रिया लवकर उरकते. मात्र फ्लॅप जाडजूड असतो, आणि पुरुषांच्या बाबतीत तोंडात छातीचे केस उगवण्याचा विचित्र प्रसंगही येतो.

हातावर पोट असलेल्या शिंप्याने किंवा तबलावादकाने आपला व्यवसाय डॉक्टरांना शस्त्रक्रियेपूर्वीच सांगितलेला बरा. त्याच्यासाठी मनगटाऐवजी मांडीचा विचार करता येतो.