दूध काहून नाही येणार?

आजीची सात बाळंतपणं मागच्या खोलीत झाली. आत्या आठ म्हणायची. एक लेकरू पाचवीच्या आधीच गेलं, ते आजी मोजत नसे. वर्धेकडचं आमचं घर. कापसाच्या कोठीला लागून ही अंधारी खोली, बाजेखाली शेगडी, ओवा-बाळंतशेपांची धुरी. सव्वा महिना बाळंतीण तिथंच. पण तिला एकटं म्हणून कुणी सोडायचं नाही. सकाळ-संध्याकाळ सुईण, दुपारी जाऊ, आणि वाती वळत बसलेली एखादी म्हातारी तर कायमचीच. सुईण सेलूची होती की हिंगणीची, यावर घरात अजून एकमत नाही. तिचं बोलणं मात्र सगळ्यांना पाठ. “दूध काहून नाही येणार? लेकरू ओढीन तं येईन!”

आई पहिलटकरीण होती तेव्हा तिला रडू कोसळलं होतं म्हणे. माहेर लांब, पावसाचे दिवस, म्हणून बाळंतपण सासरीच. बाळ तोंड लावायचं, सोडायचं, किंचाळायचं. सुईणीनं आईची पाठ भिंतीला टेकवून उशी दिली आणि बाळाला अख्खंच वळवलं. “नुसतं डोक्सं काहून वळवतं? त्याचं पोट तुह्या पोटाले लागू दे.” मग बाळानं जांभईएवढा आ करेपर्यंत थांबली आणि बाळाला छातीकडे नेलं, छाती बाळाकडे नाही. बोंडीच नव्हे, भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे, हनुवटी टेकली पाहिजे. दुखायचं थांबलं. हेच आज दवाखान्यातल्या समुपदेशक ताई कापडी बाहुली घेऊन शिकवतात. सुईणीला सही येत नव्हती.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र मी म्हणणार नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांचा घट्ट, पिवळसर चीक ‘जड असतो’ म्हणून पिळून टाकायचे आणि बाळाला कापसाच्या बोळ्यानं मध-गुळाचं पाणी चाटवायचे. म्हैस व्याली की खरवस गल्लीभर वाटणारं आमचं घर! आईच्या चिकात रोगांशी लढायची ताकद असते, तो पहिल्या तासातच मिळावा आणि मध वर्षभर देऊच नये, हे आम्हाला फार उशिरा कळलं. जेवणाचं म्हणाल तर ज्वारीची भाकर, मुगाचं वरण, लसूण घातलेली मेथी, हळिवाची खीर, डिंकाचे लाडू. आजीचा या लाडवांवर फार विश्वास. लाडवानं बाईला ताकद येत असेल. दूध मात्र बाळ जितकं ओढेल तितकं वाढतं. तिथं सुईणच खरी.

मधली काकू शहरात दवाखान्यात बाळंत झाली. बाळ वेगळ्या खोलीत, पाजायचं घड्याळ लावून, दर चार तासांनी. दूध आटलंच. मग डबा आला. त्यावरचं गुबगुबीत, गोरंपान बाळ मला अजून दिसतं. रिकाम्या डब्यांत काकू मोहरी-जिरं भरायची, त्यामुळे फोडणीच्या वेळी ते आमच्याकडे बघून हसायचं. काकूला दोष कसा देऊ? तिच्याजवळ बसायला कुणी नव्हतं आणि डबाच शहाणपणाचा मानला जात होता.

डब्यावरचं ते बाळ पुढं कायद्यानं गेलं. डिसेंबर 1991 मध्ये आमच्या वर्ध्यातच ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. दुसऱ्या वर्षी संसदेनं कायदा केला: बाळाच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात नाही, फुकट नमुने नाहीत, डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र नाही.

पण कायदा काही बाजेशेजारी येऊन बसत नाही. ते काम गडचिरोलीत झालं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं 39 गावांत गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाचं वजन करायचं, ऊब राखायची, न्यूमोनिया ओळखायचा, आणि आईजवळ बसून पाजणं जमतंय ना ते पाहायचं. नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचं 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. सुईणीचं बसणं तेच, मध-गूळ तेवढा गेला. त्याच धर्तीवर आज देशभर आशाताई घरी येतात, दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर सहा वेळा, शेवटची भेट 42 व्या दिवशी. आजीचा सव्वा महिना सरकारनं चार-पाच दिवसांनी वाढवला म्हणायचा!

पुण्यात भाची बाळंत झाली, तिच्या अकराव्या मजल्यावर मात्र असं कुणी आलं नाही. भेटायला आलेली प्रत्येक बाई विचारायची, “पुरतं का गं दूध?” तिसऱ्या दिवशी तिला स्वतःलाच ते पुरेनासं वाटू लागलं. शेवटी खालच्या मजल्यावरची, वर्षभरापूर्वी बाळंत झालेली मुलगी रोज तासभर येऊन बसायला लागली, तेव्हा गाडी रुळावर आली.

तेव्हा बाळंतिणीला भेटायला जाल तर लाडू न्याच, पण लगेच उठू नका. चहा तुम्ही टाका, दुपटी घड्या घाला. पुरतं का, हे विचारू नका. बाळ दिवसाला सहा-सात वेळा लंगोट ओला करतंय ना, वजन वाढतंय ना, तेवढं पाहा, आणि नसेल तर तिच्याबरोबर दवाखान्यात जा.