मराठवाड्यांतील माळवदें व किल्लारीचा भूकंप

(१) शके १९१५, श्रीमुख नाम संवत्सर, निज भाद्रपद शुद्ध १४, अनंत चतुर्दशी, बुधवार. या दिवसाच्या उत्तररात्रीं, म्हणजे इंग्रजी गणनेप्रमाणें ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं, लातूर जिल्ह्यांतील किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. गणपतीचें विसर्जन करून लोक नुकतेच निजले होते. किल्लारी, सास्तूर व तेरणेच्या खोऱ्यांतील आसपासचीं गांवें जमीनदोस्त झालीं. सरकारी आंकड्याप्रमाणेंही साडेसात हजारांहून अधिक माणसें दगावलीं. धक्क्याचें मान मात्र सुमारें ६.२ एवढेंच होतें. सहा किंवा त्याहून अधिक मानाचे भूकंप पृथ्वीवर दर वर्षीं शंभरावर होतात, आणि त्यांतील बहुतेकांची वार्ताही आपणांपर्यंत येत नाहीं. मग येथेंच एवढा संहार कां झाला? केंद्र उथळ होतें आणि वेळ झोंपेची होती, हीं दोन कारणें खरीं आहेत. परंतु माणसें मेलीं तीं घराच्या दगडमातीखालीं गुदमरून. तेव्हां या भूकंपाचा मुख्य कागद म्हणजे त्या प्रदेशांतील जुनें घरच होय. त्याचें वाचन करावें, हा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

(२) लातूर, धाराशिव व नांदेड या बाजूच्या जुन्या घराचा घाट पुढीलप्रमाणें असतो. भिंत दोन अंगांची. एक थर बाहेरून, एक आंतून, दोन्ही ओबडधोबड दगडांचे व मातींत रचलेले. मधल्या पोकळींत कपऱ्या व माती यांची भर. जाडी एका हातापासून क्वचित् तीन हातांपर्यंत. पाहणारास ही भिंत गढीसारखी भक्कम वाटते. परंतु दोन्ही अंगें एकमेकांशीं बांधलेलीं नसतील, तर ती एक भिंत नव्हे. शेजारीं शेजारीं उभ्या केलेल्या त्या दोन पातळ भिंती होत. पावसाचें पाणी आंत मुरलें कीं मधली भर खालीं बसते व अंगें बाहेर रेटलीं जातात. यालाच भिंतीला पोट येणें असें म्हणतात.

छपराच्या जागीं माळवद. तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. काळी म्हणजे शेतजमीन व पांढरी म्हणजे गांवठाण, हा जुन्या कागदांतील भेद वाचकांस परिचित आहेच. माळवदावर चढणारी माती ही पुष्कळदां त्याच पांढरींतली. ती उन्हाळ्यांत घर थंड ठेविते व पाणी सहसा आंत येऊं देत नाहीं. परंतु पावसाळ्यापूर्वीं नवी माती पसरावयाची आणि जुनी तशीच राहूं द्यावयाची, या वहिवाटीनें थरावर थर चढत गेले. कित्येक घरांत ही जाडी एक ते दीड हात झालेली होती. अर्धा मीटर जाडी धरली तर तीन मीटर लांबरुंद अशा एका खोलीवर सात टनांहून अधिक माती होते. घर जितकें जुनें व जितकें नीट राखलेलें, तितका त्याच्या डोक्यावरचा भार अधिक, अशी ही विपरीत स्थिति होती.

(३) आतां लेखी पुराव्याकडे वळूं. १९६७ च्या डिसेंबरांत कोयनेस भूकंप झाला, तोंपर्यंत दख्खनचें पठार अचल आहे अशीच समजूत होती. कोयनेनंतर नकाशा बदलला, पण मुख्यतः कोयनेपुरता. भारतीय मानकाच्या १९८४ च्या आवृत्तींत किल्लारीचा प्रदेश पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या, पट्ट्यांत होता. या निर्णयामागें एक मोठें कारण असें कीं, या भागांतील मोठ्या भूकंपाची नोंद कोठें आढळत नव्हती.

नोंद नाहीं म्हणून घटना नाहीं, हें अनुमान इतिहाससंशोधनांत आपण कधीं मान्य करीत नाहीं. टॉमस ओल्डहॅम यांची हिंदुस्थानांतील भूकंपांची यादी १८८३ सालीं प्रसिद्ध झाली. अशा याद्या छापील वृत्तांतांवर व पत्रव्यवहारावर उभ्या असतात. जेथून लिहिणारे थोडे, तेथील धक्के यादींत येण्याचा संभव थोडा. उलट बाजूचा दाखला कलकत्त्याचा. १७३७ च्या ऑक्टोबरांत तेथें तीन लाख माणसें भूकंपानें मेलीं अशी नोंद दीर्घकाळ ग्रंथांतरीं फिरत होती. रॉजर बिल्हॅम यांनीं १९९४ सालीं मूळ कागद तपासून तो संहार चक्रीवादळाचा होता व आंकडाही फुगविलेला होता असें दाखविलें. म्हणजे कागदानें एकीकडे न झालेला भूकंप दिला, आणि दुसरीकडे कागदाच्या मौनामुळें होऊं शकणारा भूकंप दिसला नाहीं.

जमिनीनें मात्र साक्ष ठेविली होती. तेर हें गांव पेरिप्लसमधील तगर होय, हें फ्लीट यांचें मत वाचकांस ठाऊक आहे. तेथील विटांचें त्रिविक्रम मंदिरही प्रसिद्ध आहे. सी. पी. राजेंद्रन व कुसला राजेंद्रन यांनीं किल्लारी व तेर येथील थरांची पाहणी करून १९९९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्याप्रमाणें तेर येथील थरांत सुमारें दीड हजार वर्षांपूर्वींच्या मोठ्या धक्क्याच्या खुणा आहेत. शिवाय १९९२ च्या ऑगस्टापासून किल्लारीच्या आसपास लहान धक्के वारंवार जाणवत होते. ऑक्टोबरांत त्यांतील मोठा धक्का बसला. पुढें ते थांबले आणि भीतीही ओसरली. भारतीय मानकाच्या २००२ च्या आवृत्तींत हा प्रदेश तिसऱ्या पट्ट्यांत घालण्यांत आला.

(४) पडलेल्या घरांइकाच उभ्या राहिलेल्या घरांचा पुरावाही महत्त्वाचा आहे. जुन्या कागदांत घराचें माप खणांनीं सांगितलेलें असतें. खण म्हणजे दोन खांबांमधील अंतर. ज्या घरांत माळवदाचा भार लांकडी खांबांवर होता, तेथें दगडी भिंती कोसळल्या तरी खांब व तुळया यांचा सांगाडा कित्येक ठिकाणीं उभा राहिला, असें पाहणी करणाऱ्या अभियंत्यांस दिसून आलें. ज्या घरांत खांब गाळून तुळया थेट भिंतींवर टेकविल्या होत्या, तेथें भिंतीबरोबर माळवदही खालीं आलें. लांकूड महाग झालें व भिंतीवर भागवावें लागलें, त्या दारिद्र्याची किंमत अशी मोजली गेली.

भिंतीचीं दोन्ही अंगें बांधण्याचा उपायही नवा नव्हे. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअस यानें आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत ग्रीक गवंड्यांची रीत सांगितली आहे: ते मधें नुसती भर टाकून काम उरकीत नाहींत, तर भिंतीच्या पूर्ण जाडीचे दगड ठिकठिकाणीं घालून दोन्ही अंगें एक करितात. भारतीय मानक १३८२८ (१९९३) यांत हेंच तत्त्व आंकड्यांत आहे: उंचींत दर ६० सेंटिमीटरला व लांबींत १.२ मीटरहून जास्त अंतर न ठेवितां आरपार दगड घालावा. दोन हजार वर्षांचें अंतर असलेल्या या दोन लेखांचें एकमत ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

(५) भूकंपानंतर ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं, आणि याखेरीज सुमारें दोन लाख घरांच्या दुरुस्तीचा व मजबुतीचा कार्यक्रम जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्यानें हातीं घेण्यांत आला. सुचविलेले उपाय साधे होते. माळवदावरील माती उतरवून सुमारें वीस सेंटिमीटर ठेवावी. भिंतींत भोंकें पाडून लोखंडी सळई व काँक्रीट यांचे आरपार बंध घालावे. दारांच्या माथ्याच्या उंचीवर घराभोंवतीं सलग पट्टा फिरवावा. खांब व तुळई यांच्या सांध्यास तिरपे आधार द्यावे. परंतु पुष्कळ कुटुंबांनीं मिळालेल्या पैशांतून जुन्या घरास बंध घालण्याऐवजीं शेजारीं एक नवी खोली उठविली. त्यांस दोष देणें योग्य नव्हे. ज्या दगडानें घरचीं माणसें घेतलीं, त्या दगडाखालीं पुन्हां निजण्याची हिंमत मजबुतीच्या कागदानें येत नाहीं. पण परिणाम असा झाला कीं, नव्या खोलीस टेकून जुनें माळवद जसेंच्या तसें राहिलें.

(६) हा विषय केवळ गतगोष्टींचा नाहीं. नांदेड शहरांत २००६ च्या नोव्हेंबरापासून लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली होती. २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजीं हिंगोली जिल्ह्यांत ४.५ मानाचे धक्के झाले व ते नांदेडपर्यंत जाणवले. जुनीं दप्तरें, पोथ्या, सनदा यांच्या शोधार्थ आपण ज्या वाड्यांत जातों, ते वाडे याच घाटाचे आहेत. दप्तर कोनाड्यांत, कोनाडा त्याच दुहेरी भिंतींत, आणि धनी सहकुटुंब त्याच माळवदाखालीं.

म्हणून संशोधकांस दोन विनंत्या आहेत. पहिली: वाड्यांत गेल्यावर कागदांबरोबर घरही वाचावें. माळवदाची कड पाहून मातीची जाडी मोजावी. तुळई खांबावर आहे कीं भिंतीवर, हें टिपावें. भिंतीस पोट आलें आहे काय, कोपऱ्यांत उभी भेग आहे काय, आरपार दगडाचीं टोकें दोन्ही अंगांस दिसतात काय आणि खांबाचें बूड वाळवीनें खाल्लें आहे काय, हें पाहावें. जें आढळेल तें घरधन्यास स्पष्ट सांगावें आणि जाणत्या अभियंत्याकडून तपासणी करविण्यास सुचवावें. वरची फाजील माती उतरविणें हा अल्प खर्चाचा उपाय आहे. मात्र तोही कुजक्या कड्यांवर माणसें चढवून घाईनें करूं नये. दुसरी: कोणत्याही पत्रांत, जमाखर्चांत, शकावलींत किंवा पोथीच्या शेवटच्या पानावर भूमिकंप, धरणीकंप असा शब्द आढळल्यास तो किरकोळ म्हणून सोडूं नये. मूळ वाचन, तिथि व स्थळ यांसह तो प्रसिद्ध करावा. भिंत किंवा देऊळ पडल्याचा, डागडुजीचा खर्च लिहिलेला असल्यास त्याचें कारणही तपासावें. पाऊस असेल तर पाऊस लिहावा, ओढून ताणून भूकंप करूं नये. कलकत्त्याची चूक आपण पुन्हां करतां कामा नये.

अशी एखादी ओळ नांदेड किंवा लातूरकडील दप्तरांत निघाल्यास नकाशाच्या कोऱ्या जागेंत एक तारीख पडेल. तिचा उपयोग इतिहासास होईलच. त्याहून अधिक तो त्या माळवदाखालीं निजणाऱ्यांस होईल.